वस्तादांनी शिकायचं कुठे?

आळंदी म्हटलं की समाधी आठवते, इंद्रायणीचा घाट आठवतो, कार्तिकीची गर्दी आठवते. तालीम सहसा कुणाला आठवत नाही. वास्तविक ज्या विष्णु नरसिंह जोग महाराजांनी १९१७ साली या गावात वारकरी शिक्षण संस्था काढली, ते तरुणपणी स्वतः तालमीत कसलेले होते, आणि आज त्यांच्या नावाच्या इथल्या व्यायामशाळेत मुली मॅटवर कुस्ती शिकतात. आळंदीपासून मोशी, भोसरी, चाकण असा फेरा मारला तर दोन गोष्टी जागोजाग दिसतात. एक कारखाने आणि दुसरी तालीम, किंवा तालमीचा नवा अवतार म्हणजे जिम. गावात पहिलवानकीची परंपरा जुनी आणि शिफ्ट सुटल्यावर अंग कमवायला येणारी तरुण मुलं नवी, असा हा सगळा पट्टा आहे.

मी स्वतः पहिलवान नाही. माझी उभी नोकरी या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात गेली. निवृत्तीनंतर इकडे राहायला आलो आणि भाचीच्या मुलीला जवळच्या एका गावातल्या तालमीत सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं तालमीच्या कट्ट्यावर बसून आहे. प्रशिक्षण विभागातल्या माणसाला एक खोड असते. समोर कुणी काही शिकवत असलं की हा कुठे शिकला, हा प्रश्न त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. एके दिवशी वस्तादांना विचारूनच टाकलं.

"आमच्या वस्तादांकडं," ते म्हणाले.

"आणि त्यांनी?"

"त्यांच्या वस्तादांकडं. अजून कुठं?"

"आणि तुम्ही तालीम चालवायला घेतल्यापासून?"

ते हसले. "काका, चाळीस पोरं सांभाळायची का मी परत शाळेत जायचं?"

माणूस फार चांगला आहे. पहाटे चारला उठतो, मुलांच्या घरी भांडण झालं तरी सोडवायला जातो, फी थकली तर विचारत नाही. म्हणूनच त्यांचा तो उलटा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण त्याला माझ्याकडेच काय, कुणाकडेच धड उत्तर नव्हतं.

आमच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात साधी लेथ जाऊन संगणकावर चालणारी यंत्रं आली, तेव्हा वीस-वीस वर्षं हात बसलेले टर्नर आम्ही पुन्हा वर्गात बसवले होते. पगार चालू, चहा कंपनीचा, वह्या कंपनीच्या. "तुला येत नाही" असं त्यांना कुणी म्हटलं नाही. यंत्र बदललं, एवढंच सांगितलं. लोखंड कापणाऱ्या माणसाच्या बाबतीत जी गोष्ट आपल्याला सरळ वाटते, ती बारा वर्षांच्या मुलीचे गुडघे ज्याच्या हातात आहेत त्याच्या बाबतीत आपल्याला सुचतसुद्धा नाही.

आणि यंत्र तर इथेही बदललं आहे. मातीतली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालायची. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. तिच्यासाठी लागणारा दम वेगळा. आजची मॅटवरची फ्रीस्टाइल लढत म्हणजे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची उसंत. सहा मिनिटांत सगळं संपतं, आणि त्या सहा मिनिटांत पंधरा-वीस वेळा अंगातली सगळी ताकद एका क्षणात ओतावी लागते. हजार बैठका मारून पाय चिवट होतात यात शंका नाही, पण चिवट पाय आणि झटका देणारे पाय ही एकच गोष्ट नव्हे. दुसऱ्यासाठी कमी वेळा, जास्त वजन, पूर्ण विश्रांती असा वेगळा हिशेब लागतो. हा हिशेब करणाऱ्याला आता इंग्रजीत स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. आपल्याकडे डाव शिकवणारा, मेहनत करून घेणारा, खुराक ठरवणारा आणि मुरगळलेला पाय चोळणारा हा सगळा एकच माणूस असतो.

इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. जुनं सगळं टाकाऊ, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फावड्याने हौदा उकरणं, दोर चढणं, जोडी फिरवणं यांत खांद्यापासून पोटरीपर्यंत सगळं अंग एकत्र कामाला लागतं. गंमत म्हणजे आपली गदा आणि जोडी हल्ली अमेरिकेतल्या जिममध्ये नवा शोध म्हणून विकली जाते आणि तिथून फिरून आमच्या चाकण रस्त्यावरच्या जिममध्ये येते, अर्थात दुप्पट फी लावून. वस्तादांना जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळ बरोबर आहे. पण कुठलं बरोबर आणि कुठलं नाही हे निवडायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

न निवडल्याने काय होतं? नव्या पोराला पहिल्याच दिवशी "बघू तुझ्यात किती दम आहे" म्हणून चारशे-पाचशे बैठका मारायला लावायच्या, ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पोरगं दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाही आणि सगळे हसतात. बहुतेक वेळा ते हसण्यावारीच जातं. पण सवय नसलेल्या स्नायूंवर असा घाला पडला तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातला मजकूर रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडायची वेळ येते. लघवी काळ्या चहासारखी होते. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लष्करातल्या रंगरुटांमध्ये, जिममध्ये पहिल्याच आठवड्यात जोशात येणाऱ्यांमध्ये ते जगभर पाहिलं गेलं आहे. नाव पाठ नसलं तरी चालेल. लघवीचा रंग बदलला तर मुलाला चोळत न बसता दवाखान्यात न्यायचं, एवढं प्रत्येक तालमीत ठाऊक हवं. मेहनत चालू असताना पाणी प्यायचं नाही, हा तसाच एक जुना दंडक. वैशाखातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो पाळायला लावणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. आणि उष्माघात झालाच तर रुग्णवाहिकेची वाट पाहताना आधी मुलाला गार पाण्यात बसवायचं असतं, हेही कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग वजन. कुस्तीतला सगळ्यात नाजूक विषय. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, तेव्हा सारा देश हळहळला. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवलं. त्याच्या जिद्दीच्या बातम्या घराघरांत वाचल्या गेल्या. अमनच्या भोवती डॉक्टर आणि अनुभवी प्रशिक्षक रात्रभर जागे होते, ही गोष्ट मात्र बातमी वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराच्या ध्यानात येत नाही. तो प्लॅस्टिकचा रेनकोट अंगात घालून आळंदी-मरकळ रस्त्यावर पळायला लागतो. १९९७ साली अमेरिकेत जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन पहिलवान असंच रबरी कपड्यांत, गरम खोलीत वजन उतरवता उतरवता मेले. त्यांचे प्रशिक्षक कसाई नव्हते. त्यांच्या वेळी त्यांच्याकडून जे करून घेतलं गेलं तेच ते करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धांमध्ये रबरी कपडे आणि सौना बंद झाले, वजनाची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली आणि प्रत्येकाचं कमीत कमी वजन आधीच ठरवून द्यायची पद्धत आली. तीन पोरं गेल्यावर ही अक्कल आली. आपण ती उसनी घ्यायला काय हरकत आहे?

मुलींच्या बाबतीत तर अडचण दुहेरी. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली २०२३ साली आणि ती तिथल्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या वस्तादांनी त्यांच्या उमेदीत मुलीला लंगोट-जांघियाच्या दुनियेत पाहिलेलंच नाही. मुलगी कमी खाऊन जास्त मेहनत करू लागली की पाळी लांबते, मग थांबते, आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला नाव दिलं, लक्षणं लिहून काढली. आमच्या कट्ट्यावर मात्र "स्पर्धेच्या वेळी अडचण नाही, बरंच झालं" असं एका आईने दुसरीला सांगताना मी ऐकलं आहे. वस्तादांना हा विषय काढायचा संकोच, मुलीला सांगायचा संकोच. मुलींचा गुडघा उडीवरून उतरताना आत वळतो, त्यामुळे आतला दोरखंड, म्हणजे लिगामेंट, तुटायचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटांच्या साध्या सरावाने तो कमी करता येतो. याला यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही. फक्त ठाऊक असावं लागतं.

जिमची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर असतात. दोन दिवसांच्या वर्गाची, चार दिवसांच्या वर्गाची, सोनेरी शिक्क्याची. आणि काउंटरखालून काय मिळतं हे पालकांनी एकदा डोळे उघडून पाहावं. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर द्यायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन व्यायामाचा जोर वाढावा म्हणून पोरांना विकणारे लोक पुणे-पिंपरीच्या पोलिसांनी एकदा नाही, अनेकदा पकडले आहेत. प्रशिक्षकाचं स्वतःचं ज्ञान आटलं की त्याची जागा डबा आणि सुई घेते, असं माझं मत आहे. मुलाला तीन महिन्यांत फरक हवा असतो आणि तो मेहनतीच्या आखणीतून कसा आणायचा हे ज्याला येत नाही, तो दुसरं काय देणार?

यावर कुणी म्हणेल की हे शिकत राहण्याचं खूळ परदेशी आहे, आपल्याकडे गुरू एकदा झाला की झाला. इतिहास तसं सांगत नाही. खाशाबा जाधवांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा, घरच्या तालमीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला तेव्हा मॅट त्याला नवखी होती. तिथे रीस गार्डनर या माजी जागतिक विजेत्याने त्यांना तयार केलं आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षं त्या नव्या पद्धतीने अंग घडवून ते १९५२ साली हेलसिंकीला गेले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. पण दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. एक दमवणारी लढत संपल्या संपल्या खाशाबांना पुढच्या लढतीला बोलावलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपल्या बाजूचा जाणकार अधिकारी जवळ नव्हता. नाहीतर पदकाचा रंग वेगळा असता, असं जुने लोक म्हणतात. असेल, नसेल. पहिलवान तयार होता, त्याच्या मागे उभा राहणारा माणूस तयार नव्हता, एवढं खरं.

आणखी मागे जा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले स्वामी कुवलयानंद १९२४ साली लोणावळ्यात, म्हणजे आपल्या इंद्रायणीच्या उगमाकडे, कैवल्यधाम काढतात आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय होतं ते क्ष-किरण लावून, रक्तदाब मोजून पाहतात. गुरूवर त्यांची श्रद्धा कमी नव्हती. तरी मोजून पाहिलं. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, आणि ते मराठीत. तालीम चालवणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत! १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले खेळ दाखवून आलं. ही सगळी माणसं धोतर-लंगोटातली, पण डोकं उघडं ठेवून हिंडणारी होती. मधल्या काळात आपलं काहीतरी हरवलं.

अमेरिकेत हा व्यवसाय उभा राहिला तोसुद्धा फार जुना नाही. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एपली नावाच्या तरुणाला खेळाडूंची ताकद वाढवायला नेमलं, तेव्हा वजनं उचलून खेळाडू मंद होतात असा तिथेही पक्का समज होता. कुणी मंद झाला तर तुला काढून टाकीन, असं मुख्य प्रशिक्षकाने त्याला बजावलं होतं म्हणतात. १९७८ साली अशा प्रशिक्षकांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, १९८५ पासून परीक्षा सुरू केली. मला त्यातला आवडलेला भाग पुढचा आहे. परीक्षा पास झालं की संपलं असं नाही. दर तीन वर्षांनी तू दरम्यान काय शिकलास याचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर प्रमाणपत्र जातं.

आपल्याकडे सोय अजिबात नाही असं नाही. पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तिचे वर्षाचे आणि सहा आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. पण वस्तादांनी सहा आठवडे पतियाळाला जायचं तर तालीम कुणी उघडायची, घरात पैसे कुठून यायचे, आणि इंग्रजी-हिंदीतून शिकवलेलं किती उतरायचं? अशाने जातात ते मुख्यतः नोकरीची हमी असलेले. बाकीचे मोबाइलवर रील पाहतात. वस्तादही पाहतात. त्यात चांगलं असतं आणि वाट्टेल तेही असतं, आणि खरं-खोटं पारखायला शेजारी कुणी नसतं.

पैशाचा प्रश्न या पट्ट्यात तरी निघू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. चाकणला गाड्या बनवणाऱ्यांपासून भोसरीला सुटे भाग बनवणाऱ्यांपर्यंत कितीतरी कंपन्या त्यात बसतात. त्या मॅट देतात, शेड देतात, ट्रॅकसूट देतात. मॅटवर कंपनीचं नाव छापता येतं. वस्तादांच्या डोक्यात चार गोष्टी घातल्या तर त्यावर नाव कुठे छापणार? मी कंपनीतच आयुष्य काढल्यामुळे ही अडचण मला समजते, पण पटत नाही.

पालक म्हणून आपलाही यात वाटा आहे. आपण वस्तादांना फी विचारतो, किती पोरं चमकली ते विचारतो. तुम्ही शेवटचं नवीन काय शिकलात, हे विचारत नाही. विचारलं तर अपमान होईल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मी आमच्या वस्तादांना गुडघ्याच्या त्या सरावाबद्दल एका फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलेलं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तिलाच आणा की एकदा. मला विचारायचंय बरंच." ती आली. अर्ध्या तासासाठी आली होती, अडीच तास बसली. वस्तादांनी खिशातून वही काढली. त्यात त्यांनी पोरांची रोजची वजनं लिहून ठेवली होती, अकरा वर्षांची! वजन झपाट्याने उतरलं की पोरगं आजारी पडतं, हे त्यांनी त्या वहीवरून स्वतःच ताडलं होतं. ती मुलगी म्हणाली, आमच्याकडे याला संशोधन म्हणतात.

असे वह्या ठेवणारे वस्ताद या परिसरात आणखी असतील. ते एकमेकांना भेटतात ते फडावर, आणि तिथे प्रत्येकाला आपला पठ्ठा जिंकवायचा असतो, त्यामुळे मनातलं बोलणं होत नाही. ज्येष्ठात माउलींची पालखी पंढरपूरकडे निघाली की आळंदी रिकामी होते. गावोगावच्या जत्रा तोवर संपलेल्या असतात, फड थंडावलेले असतात, शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतात. धर्मशाळांत जागा मिळते. त्या दिवसांत या पट्ट्यातल्या तीस-चाळीस वस्तादांना आणि जिम चालवणाऱ्यांना सकाळी तालीम झाल्यावर तीन-तीन तास, सलग दहा दिवस एकत्र बसवता येईल. एक हाडांचा डॉक्टर, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक आहारतज्ज्ञ, एक फिजिओ आणि एखादा पतियाळाहून शिकून आलेला प्रशिक्षक, सगळे मराठीत बोलणारे. अकरा वर्षांची वही तिथे सगळ्यांसमोर उघडायची. बुडलेल्या दिवसांचा मोबदला द्यायचा, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा बोलवायचं. मी दोन कंपन्यांना तसं पत्र दिलं आहे. एकीकडून उत्तर आलं आहे, की बॅनर कुठे लावता येईल ते कळवा. वस्ताद म्हणतात, लावू द्या त्यांना बॅनर, भिंत मोठी आहे.